देवीच्या दगडाची खपली

आमच्या घरात मीठ विकत आणायची पद्धत नव्हती. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदा आणलं गेलं, त्याच वर्षी गावकी आमच्यावर उलटली. एरवी मीठ मिठागरातूनच यायचं. बाबा तिथे मुकादम होते. जाडं, किंचित करडं मीठ चुलीजवळच्या मातीच्या मडक्यात भरलेलं असायचं. पावसाळ्यात मडक्याच्या अंगाला पाणी सुटायचं, उन्हाळ्यात त्यावर पांढरी बुरशीसारखी लव यायची, आणि दोन-तीन वर्षांत मडक्याचं बूड पापुद्र्या-पापुद्र्यांनी झडून जायचं. मग आई नवं मडकं आणायची. पेणकरपाड्यातल्या प्रत्येक जुन्या घरात हेच चालायचं, त्यामुळे त्यात काही नवल आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

आईचा दिवस भाकरीने उजाडायचा. उकड काढलेल्या तांदळाच्या पिठाचा वास, परातीत तिच्या तळव्यांची थपथप, आणि मागच्या चुलीवर सुका जवळा परतताना होणारी चर्रचर्र. ती थपथप थांबली की मला जाग यायची, घड्याळाची गरज नव्हती. बाबा गेल्यावर आईने सिल्व्हर पार्कमधल्या एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना डबे द्यायला सुरुवात केली. माणसं बेळगावची, नागपूरची, कुठली कुठली. जवळ्याला नाकं मुरडायची आणि महिन्याभरात जवळाच जास्त मागायची. डबे पोचवायचं काम माझं. दप्तर एका खांद्याला, डब्यांची पिशवी दुसऱ्या. त्यामुळे माझा डावा खांदा आजही थोडा उतरलेला आहे, असं माझी मुलगी म्हणते.

घराच्या तीन बाजूंना तेव्हा इमारती आल्या होत्या. चौथ्या बाजूला मिठागराचा बांध होता, आणि बांधावर बांधदेवी. देवी म्हणजे कंबरेएवढा उभा काळा दगड. त्याला शेंदूर, दोन चांदीचे डोळे, वर पत्र्याचं छप्पर. माघी पुनवेला मिठागरातलं पहिलं मीठ टोपलीतून तिच्यासमोर यायचं, आणि त्याच मिठाच्या पाण्याने तिला आंघोळ घालायची. ती आंघोळ घालायचा मान आमच्या घरातल्या बाईचा. का, ते कोणाला सांगता येत नसे. आजेसासूकडून सासूकडे आणि सासूकडून आईकडे तो आला होता. बाबा गेल्यावर दोनचार जणींनी कुजबुज केली की आता हिने कसं करायचं. पण गावकीचे म्होरके हिरानाना म्हणाले होते, "मान घराचा हाय, कुंकवाचा न्हाय," आणि विषय तिथेच संपला होता.

मी अकरावीत होते त्या साली मिठागर बंद पडलं. खाडीचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीची दारं कोणी बंद केली नाहीत, बांध फुटले, वाफ्यांत चिखल साचला. माघी पुनव तर येणारच होती. आईने काय करावं? वाण्याकडून आयोडीनवाल्या मिठाच्या दोन पिशव्या आणल्या, कळशीत विरघळवल्या, आणि नेहमीसारखी देवीला आंघोळ घातली. मी तिच्यावर वैतागले. "निदान नानांना विचारायचं तरी होतंस," म्हटलं. ती म्हणाली, "मीठ ते मीठ. देवी काय पिशवीवरचं नाव वाचते?"

आठव्या दिवशी देवीच्या गालावरची तळहाताएवढी खपली निघून खाली पडली. तिच्यासोबत एक चांदीचा डोळाही गेला. खपलीमागचा दगड काळा नव्हता, तांबडा होता, ओलसर होता, आणि त्यातून तांबूस पाण्याचा एक ओघळ खाली आला होता. सकाळी फुलं वाहायला गेलेली बाई ओरडतच परत आली, "देवीला रगत आलं!" दुपारपर्यंत आमच्या उकिरड्यावर मिठाच्या रिकाम्या पिशव्या सापडल्या होत्या. पुढचं सांगायला नको.

संध्याकाळी हिरानाना आमच्या ओट्यावर आले. ते वाईट माणूस नव्हते. बाबांच्या तिरडीला त्यांनी पहिला खांदा दिला होता. त्यांनी पडलेली खपली लाल फडक्यात बांधून आपल्या देव्हाऱ्यात ठेवली होती. आईने दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"वहिनी, मना सवताला काय वाटत न्हाय," ते म्हणाले. "पन लोक बोलतान. पिशवीच्या मिठानं देवीचा अंग सोललंन. चैत्री पुनवेला गावकी बसंल. मान दुसऱ्या घरी द्यावा, असा लोकांचा इचार हाय."

मला वाटलं, आता आई उसळेल. वाण्याशी आठ आण्यांवरून भांडणारी बाई ती. पण ती खाली बघून म्हणाली, "गावकी म्हनंल तसां." बस. एवढंच. नाना गेल्यावर मी तिला नको नको ते बोलले. तू गप्प का बसलीस, तू चोर आहेस का, आता वर्षानुवर्षं आपल्याकडे बोट दाखवतील. तिने निवट्या, खाडीच्या चिखलातले ते मासे, साफ करायला घेतल्या आणि माझ्याकडे पाठ केली. मला तिचा इतका राग आला होता की त्या रात्री मी जेवले नाही, आणि निवट्यांचं कालवण माझं सगळ्यात आवडतं होतं. त्या रागातच मी ठरवलं की ही बाई भांडणार नसेल तर मी भांडेन.

पण भांडायचं कशाने? मला एवढंच आठवत होतं की नववीच्या भूगोलात विदारण नावाचा धडा होता. ऊन, पाणी, हवा, मीठ यांनी खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, त्याला विदारण म्हणायचं. परीक्षेत मी त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहून विसरून गेले होते. पुस्तक घेऊन मी प्रधान बाईंकडे गेले. बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. गिरगावातली खोली विकून त्या मिरा रोडला आल्या होत्या, आणि आईच्या हातच्या भाकऱ्या त्यांच्याकडे जायच्या. मी धड्यावर बोट ठेवून म्हटलं, "बाई, हे गावकीत वाचून दाखवते."

"वाच की," बाई म्हणाल्या. "आणि मग त्यांचं मत बदलेल असं तुला वाटतंय? पुस्तकात लिहिलंय म्हणून तू तरी मानलं होतंस का? पाठ केलं होतंस."

मला झोंबलं, कारण खरं होतं. बाईंनी मग शांतपणे समजावलं. दगड आपल्याला भरीव वाटतो, पण त्यात केसाहून बारीक फटी असतात. खारं पाणी त्यात शिरतं. ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मीठ आत राहतं. त्याचे खडे धरू लागले की त्यांना जागा हवी असते, आणि ते आतून दगडाला रेटतात. हे झालं कायिक विदारण, म्हणजे दगड तोच, फक्त फुटतो. आणि आपल्या काळ्या दगडात लोह असतं, त्याला ओल आणि हवा लागली की ते गंजतं. दगड मऊ होतो, तांबडा होतो. ते रासायनिक. "रक्त म्हणतायत तो गंज आहे," बाई म्हणाल्या. "पण तोंडाने सांगू नकोस. करून दाखव. दोन महिने आहेत ना हातात?"

त्या वाक्याने मला कामाला लावलं. आज मी स्वतः भूगोल शिकवते आणि मुलांना तेच सांगते, पण बाईंसारखं नेमक्या वेळी सांगणं मला अजून जमलेलं नाही.

आमच्या मागे एक बुजलेली विहीर होती. देवीचा दगड आणि त्या विहिरीच्या पायऱ्या एकाच खेपेला घोडबंदरच्या डोंगरातून आणल्या, हे हिरानाना स्वतःच सगळ्यांना सांगायचे. मी घण मागून आणला आणि निखळलेल्या एका पायरीतून चार तुकडे काढले. चार घमेली घेतली. पहिल्यात गोडं पाणी. दुसऱ्यात पिशवीच्या मिठाचं. तिसऱ्यात मिठागराच्या डबक्यात उरलेलं खारं पाणी. चौथ्यातही तेच खारं पाणी, पण त्यातल्या दगडाला तळ सोडून सगळीकडून ऑइल पेंट. कारण देवीवरही वर्षानुवर्षं शेंदराखाली केशरी ऑइल पेंटचा थर होता. तो कोणी लावला ते मला ठाऊक नव्हतं, गावातल्या मंडळाच्या पोरांनी कधीतरी लावला असेल असं सगळेच धरून चालले होते. बाईंनी मात्र बजावलं होतं, जसं देवीचं आहे तसंच कर.

पेंट आणायला नया नगरातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानाचे चाचा डबा काढता काढता म्हणाले, "किस चीज़ पे लगाना है?" मी म्हटलं, "पत्थर पे." त्यांनी डबा परत फळीवर ठेवला. "पत्थर पे मत लगाओ बेटा. अंदर का पानी बाहर कैसे निकलेगा? फूल के निकल जाएगा सब." मी म्हटलं, "चाचा, वोइच तो देखना है." त्यांनी माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं, पण डबा दिला.

रोज सकाळी दगड पाण्यात, दुपारी पत्र्यावर कढत उन्हात, संध्याकाळी परत पाण्यात. पत्रा इतका तापायचा की मी पायाला ओली फडकी गुंडाळून वर चढायचे. बाया नळावर विचारायच्या, "काय बाय, शिजले का दगड?" मी म्हणायचे, "शिजले की तुमच्याकडेच पाठवते वाटीभर." अकरावीची परीक्षा आली, तरी एक दिवस चुकवला नाही. आईने मदत केली नाहीच. उलट पंधराव्या दिवशी गोड्या पाण्यातला दगड गायब झाला. शोधते तर तो कैरीच्या खारवणावर दडपण म्हणून ठेवलेला! "धुतलेला दगड हाय, म्हनून घेतला," आई म्हणाली. पंधरा दिवसांचा गोडा दगड दोन तासांत खारा झाला. मी रडले, मग परत घण आणला, त्याच पायरीचा पाचवा तुकडा काढला आणि वहीत खरं खरं लिहिलं, "दगड क्र. १ लोणच्यात गेला. नवीन घेतला."

आई एकदाच पत्र्याखाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोरी, सोड आता. मान गेला तं गेला. कुनाचं काय आडलंय?" मी वरून म्हटलं, "माझं अडलंय." ती चौथ्या घमेल्याकडे, केशरी दगडाकडे बघत राहिली, आणि आत गेली. तेव्हा मला वाटलं, तिला माझ्या पायांची काळजी आहे.

फार मोठं काही घडलं नाही, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांत डोंगर कोसळत नसतो. गोड्या पाण्यातला दगड जसाच्या तसा राहिला. पिशवीच्या मिठातल्या दगडाला पांढरी लव आली आणि त्याखालून चिमूटभर भुगा पडला. मिठागराच्या पाण्यातल्या दगडाचा चमचाभर पडला, म्हणजे आपलं मीठच जास्त कडक निघालं. आणि चौथ्या दगडावर आधी मोहरीएवढे फोड आले, मग ते फुगून एकमेकांत मिसळले, आणि चैत्री पुनवेच्या चार दिवस आधी पेंटचा एक पापुद्रा उचकटून पडला. नुसता पेंट नव्हे, त्याच्या पाठीला दगडाची नखाएवढी जाड कातडीही चिकटून आली होती. मी तो हातात घेऊन पत्र्यावर उभी राहिले आणि मोठ्याने हसले. जिंकलेच होते मी.

गावकी देवीच्या मांडवात बसली. पुरुष पुढे, बाया बाजूला, आई सगळ्यांत मागे खांबाला टेकून. मी चार थाळ्या मांडल्या. कोणीतरी म्हणालं, "ही काय दगडांची भाजी?" आणि हशा झाला. 

"आपल्याकडे मिठाचं मडकं दोन-तीन वर्षांनी का बदलतात?" मी बायांकडे वळून विचारलं.

"बूड झडतं त्याचा," एकजण पटकन म्हणाली.

"का झडतं? पिशवीच्या मिठामुळे?"

"पिशवीचा कुठशी? आगराच्या मिठानं. मीठ खातंच मडक्याला."

"मग देवीला किती वर्षं आपण आगराच्या मिठाने आंघोळ घालतोय?"

 बायांना आधी कळलं, पुरुषांना नंतर. मी थाळ्या एकेक करून फिरवल्या. भुगा लोकांनी बोटांत चोळून पाहिला. तांबडा भागही दाखवला, विहिरीच्या पायरीला आतून तसाच तांबडा रंग होता, आणि विहिरीला काही कोणी विटाळलं नव्हतं. शेवटी चौथा दगड. मी म्हटलं, मीठ आणि ओल खालून जमिनीतूनही चढते. दगड उघडा असता तर निदान हळूहळू झडला असता, पण पेंटने त्याची सगळी दारं बंद केली, आणि मीठ कातडीखाली साचत गेलं. एका माघी पुनवेचं हे काम नाही.

हिरानानांच्या मुलाचा नवाकोरा मोबाइल नेमका तेव्हा भजन वाजवत सुटला. नानांनी त्याला बाहेर हाकललं आणि ते माझ्याकडे वळले. "बरां. मंग पेंट कुनी लावला?"

मंडळाची पोरं एका सुरात म्हणाली, आम्ही नाही. नानांनी लाल फडकं सोडलं आणि खपली माझ्या पापुद्र्याशेजारी ठेवली. पाठी दोन्हींच्या सारख्याच होत्या, लव, भुगा, तांबूस ओल. मग त्यांनी खपली उलटी केली. शेंदूर तिच्यावरून गळून गेला होता आणि केशरी पेंट उघडा पडला होता. त्यात कडेला अंगठ्याचा एक ठसा होता. ओल्या रंगात उमटलेला, लहान, एखाद्या पोराचा.

तो ठसा पाहिला आणि मला सगळं आठवलं. मी नऊ वर्षांची होते. बाबांच्या एका हातात ब्रश आणि डबा माझ्या हातात. "दर पावसाला शेंदूर वाहून जातं, देवीआई उघडी पडतं," बाबा म्हणाले होते, "आता कसा पक्का बसंल." मी ओल्या रंगाला अंगठा लावला आणि घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले. "र्‍हाऊ दे. देवीला कललं पायजे ना, कुनी नटवली ती." एवढं मोठं सुख मी कसं विसरले होते, मला माहीत नाही.

मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती, आणि तिने हळूच मान हलवली. नको. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती भांडली असती तर बोट बाबांकडे गेलं असतं, म्हणून ती गप्प होती.

त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. कोणाला कळलं नसतं. पोरांपैकी कोणाचा तरी ठसा म्हणून खपून गेलं असतं, मान राहिला असता आणि बाबाही राहिले असते. पण मी दोन महिने वहीत लोणच्यात गेलेला दगडसुद्धा लपवला नव्हता.

"आम्ही लावला," मी म्हटलं. "बाबांनी आणि मी. डबा मी धरला होता. हा अंगठा माझा आहे."

 मागून आई उठून पुढे आली. भरल्या गावकीत ती पहिल्यांदाच बोलली. "त्यानं मायेनं लावला. आंगावर ऊन-पानी नको म्हनून. त्याला नावं ठेवायची आसतील तं आधी मना ठेवा."

हिरानानांनी माझा हात धरला आणि माझा अंगठा त्या ठशावर टेकवला. तो आता मावत नव्हता. त्यांनी डोळे पुसले, खपली फडक्यात बांधली आणि आईच्या हातात दिली. म्हणाले, "नावं कुनाला ठेवतंस, वहिनी? आपन सगल्यांनीच तिला मिठानं न्हाऊ घातली." मान कुठेच गेला नाही. पोरांनी लाकडी पट्टीने आणि धीराने उरलेला पेंट महिनाभर खरवडून काढला. तेव्हापासून आंघोळ गोड्या पाण्याची, आणि मीठ पानावर, देवीपासून हातभर लांब. देवी अजून झडतेच आहे, पण उगीच घाई करत नाही.

घरी आल्यावर आईने खपली देव्हाऱ्यात ठेवली. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं, तर सगळा बोल स्वतःवर का घेतलास?"

तिने पीठ परातीत काढलं. "तुजा बाप गेला, मी हाय," ती म्हणाली. "बोल लावायचा तं जो ऐकू शकतो, त्यालाच लावावा. मेलेला मानूस उलटून काय सांगनार?" मग पाण्याचा हात घेऊन ती भाकरी थापायला बसली, आणि मी चुलीत लाकडं सारली.